चेंबूतली नदी

२ ऑगस्ट, शनिवार

बाटली फुटली!

दोनच दिल्या होत्या नंदितानं. एकीवर 'वर' लिहिलेलं, दुसरीवर 'खाली'. तोंडाला चंदेरी कागद, त्यावर दोरा — मुंजीतल्या बटूंसारख्या दोघी. "मामा, झाकण पाण्यापाशीच उघडायचं. आत बोट घालायचं नाही. 'वर' म्हणजे कोळशाच्या खाणीचा पाइप नदीला मिळतो त्याच्या आधी, 'खाली' म्हणजे त्याच्या नंतर. आणि कृपा करून नदीला नमस्कार करायला म्हणून हात बुडवू नका!" सख्खी भाची, पण बोलते हेडमास्तरणीसारखी. तापानं फणफणली होती तरी हुकूम चालू. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी नमुना, हा तिच्या पीएचडीचा नेम. तिला उठवेना, म्हणून मी मोपेड काढली.

कोळ्ळिडमचा पूल ओलांडून पुदुकुळम गाव. पाइपाच्या वरचं पाणी नीट घेतलं. मग मैलभर खाली गेलो, घाटाच्या पायऱ्या उतरलो, दुसरीचा दोरा सोडतोय तोच हातातून निसटली. तीन पायऱ्या टणटणत गेली, चौथीवर संपली.

पुन्हा पस्तीस किलोमीटर जाऊन नवी बाटली आणायची? ऊन रणरणतं. तेवढ्यात पिशवीत बायकोचा, चंद्रमतीचा चेंबू दिसला — तांब्याचा लोटा, पोट मोठं, गळा अरुंद. उद्या आडीपेरुक्कु, नदीची पूजा. गावातल्या कालव्याचं पाणी तिला चालत नाही, म्हणून "येताना नदीचं आणा" म्हणून दिलेला. चिंचेनं घासून असा झळझळीत केला होता की मला त्यात माझी दाढी दिसली. याहून शुद्ध भांडं ते कोणतं? तोंडापर्यंत भरला, केळीचं पान बांधलं, आलो.

घरी चेंबू फ्रिजमध्ये ठेवायला निघालो तर बाईसाहेब आडव्या. "पूजेचं पाणी कालच्या सांबाराशेजारी ठेवणार?" मग तो ओल्या फडक्यात गुंडाळून देवघरात. 'वर'ची बाटली गेली फ्रिजात. तिला सांबाराचा सोवळेपणा नाही.

३ ऑगस्ट, रविवार

सकाळी जॅमची एक बरणी वीस मिनिटं उकळली. चेंबूतलं अर्धं पाणी तिच्यात, अर्धं पूजेला. नदीला हळदकुंकू, काळे मणी, सात प्रकारचे भात. चंद्रमती खूश. लिंबाचा भात जरा आंबट झाला होता, बोललो नाही. (लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. मौनाचंही शास्त्र असतं.)

नंदिताचा ताप उतरला. बरणी बघून भुवया वर. "ही कुठली?"

"तुझी फुटली. ही घरची, काचेची. उकळलेली."

"नक्की उकळलेली?"

"माझ्यापेक्षा जास्त."

हसली. घेऊन गेली. चेंबूचा विषय निघालाच नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलं नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

नंदिताच्या प्रयोगशाळेत गेलो होतो. जाऊ नये तिथे — अंड्याच्या कारखान्यासारखा वास येतो. पण आज तिनंच बोलावलं.

दोन काचेच्या बशा. 'वर'च्या बशीत ठिपकेच ठिपके, पांढरे, पिवळे, एक गुलाबी. प्रत्येक ठिपका म्हणजे एका जंतूची वाढलेली वसाहत. 'खाली'ची बशी — कोरी. धुतलेल्या ताटासारखी.

"काहीच नाही?"

"काहीच नाही, मामा." आवाज बारीक झाला होता तिचा. "जून-जुलैत असं नव्हतं. जंतू दोन्हीकडे तेवढेच होते, फक्त खाली जाती बदललेल्या."

तिनं हे मला पूर्वीही समजावलं आहे, पण लिहून ठेवतो, नाहीतर माझ्या डोक्यात राहत नाही. खाण कोरडी राहावी म्हणून रात्रंदिवस भूजल उपसतात. ते आंबट, लोखंडानं तांबूस. मग चुना घालतात, तळ्यांत निवळतात, आणि स्वच्छ झालं की नदीत सोडतात. खरंच स्वच्छ — तळ दिसतो. परीक्षेत सगळे आकडे पास. पण त्यात गंधकाचं मीठ विरघळलेलं राहतं, आणि ते काही जंतूंना आवडतं, बाकीच्यांना नाही. नदीतल्या दगडांवर जो बुळबुळीत थर असतो ना, ज्यावर मी लहानपणी दोनदा घसरून पडलो, तोच नदीचा सफाई कामगार. कुजलेलं खातो, घाण पचवतो. तिथली माणसं बदलली की काम बदलतं. चिखल काळा पडतो, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो.

पाठशाळेत पाण्याला सत्तावीस शब्द पाठ केले होते. एकातही जंतू नव्हता. असता तर गुरुजींनी त्यालाही विभक्ती लावली असती.

"पेपरात लिहू नका एवढ्यात," नंदिता म्हणाली. "पुढच्या महिन्यात परत घेऊ."

पुढच्या महिन्यात! सुनावणी वीस तारखेला आहे. खाणीला आता सोडतात त्याच्या चौपट पाणी सोडायची परवानगी पाहिजे. पुदुकुळमचे लोक दोन वर्षं ओरडताहेत, आणि त्यांच्या हातात कागद म्हणून काही नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

लिहिलं. पाठवलं. तिला सांगितलं नाही.

तिरुच्चीहून आमच्या तमिळ पेपराच्या डेस्कवरच्या गोपालकृष्णाचा फोन — हा माणूस कधी फोन करून कौतुक करत नाही, फक्त शब्द कापतो. "रायर! चार कॉलम देतो. मथळा: नदी मेली." (तमिळ तोंडी आमच्या 'राव'चं 'रायर' होतं.)

"मेली असं मी लिहिलेलं नाही. जंतू सापडले नाहीत एवढंच लिहिलंय."

"तेच ते."

तेच ते नव्हे, हे मला कळत होतं. पण चार कॉलम!

७ ऑगस्ट, गुरुवार

छापून आलं. सकाळपासून फोन. नंदिताचा एकही नाही.

संध्याकाळी तिचा निरोप, एका ओळीचा: "माझं नाव कशाला घातलंत मामा."

९ ऑगस्ट, शनिवार

पुदुकुळमला गेलो. सेतुरामनं बोलावलं होतं. तिथल्या शेतकऱ्यांच्या संघाचा तो सचिव, पण संघ म्हणजे तोच, आणि त्याची ती पत्र्याची पेटी. दोन वर्षांच्या अर्जांच्या पोचपावत्या तिच्यात.

माझं कात्रण त्यानं प्लास्टिकच्या आवरणात घालून आणलं होतं. "रायर, वास येतो म्हटलं तर 'कुठे वास?' विचारायचे. चिखल काळा झाला म्हटलं तर म्हणायचे चिखल काळाच असतो. कागद मागायचे. हा घ्या कागद!" आणि ते कात्रण त्यानं डोळ्यांना लावलं — खरंच लावलं, देवळातून आणलेल्या प्रसादासारखं.

गावातल्या बायका नदीवर भांडी घासायला जात नाहीत आता. गुरं विहिरीवर. "मेलेल्या पाण्याशी काय काम," म्हणतात. सुनावणीला एक अख्खी बस भरून माणसं येणार.

मला कापी दिली, पितळी वाटी-गडव्यात, फेस वर येईपर्यंत ओढून. सेतुराम म्हणाला, "ज्यानं आमचं पाणी तपासलं त्या पोरीला आणि तुम्हाला आम्ही विसरणार नाही."

छान वाटलं. लिहून ठेवतो — खूप छान वाटलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी चंद्रमती देवघर आवरत होती. चेंबू हातात घेऊन बाहेर आली. आडीपेरुक्कुचं उरलेलं पाणी तिनं तसंच ठेवलं होतं, तुळशीला रोज थोडं घालायला.

"पाहा हो. दहा दिवस झाले. नदीचं पाणी, पण वास नाही, शेवाळ नाही, किडा नाही. तांब्यात काही जगत नाही, होय की नाही? तुम्हीच तर आल्यागेल्याला सांगत बसता."

होय. मीच सांगतो. ताम्रपात्रातलं जल कसं निर्दोष असतं यावर मी दिवाळी अंकात पाच पानं लिहिली आहेत. तळटीपांसह! पाहुणा आला की त्याला कापीआधी ते व्याख्यान मिळतं. जावईबापूंनी तर येणंच कमी केलं.

मी तिच्या हातातल्या चेंबूकडे बघत राहिलो.

"काय झालं? चेहरा असा का?"

"काही नाही."

शनिवारी दुपारी तीन ते रविवारी सकाळी सात. सोळा तास. आणि नुसता तांब्याचा नव्हे — चिंचेनं घासलेला, नवाकोरा झालेला तांब्याचा.

नदी नाही मेली. चेंबू घासला होता.

१३ ऑगस्ट, बुधवार

जेवलो नाही. "पोट बिघडलं," म्हटलं. तिनं ओव्याचं पाणी आणून दिलं. तांब्याच्या पेल्यात.

१४ ऑगस्ट, गुरुवार

हे लिहायची ही एकच जागा. चंद्रमती मराठी बोलते, वाचते तमिळ. मुलीला बोललेलं कळतं, अक्षर ओळखत नाही. ही वही जेवणाच्या टेबलावर उघडी पडली तरी चालते. आमच्या घरात देवनागरी हेच कुलूप आहे. आज पहिल्यांदा त्या कुलपाचा फार मोठा आधार वाटला, आणि आधार वाटला याची लाज.

मांडून बघतो.

सांगितलं तर: वर्तमानपत्र तोंडघशी. मी तोंडघशी — ते सोडा, चौपन्नाव्या वर्षी तोंडाला फारशी धार राहिलेली नाही. पण नंदिता? लोक म्हणतील, हिचे सगळेच नमुने असे. तीन वर्षांचं काम. आणि पुदुकुळमचा एकुलता एक कागद फाटला. खाणीला चौपट परवानगी.

नाही सांगितलं तर: काहीच होत नाही. कुणालाही कळत नाही. गाव जिंकतं.

दुसरी बाजू इतकी सरळ आहे की तिचीच भीती वाटते. तर्कशास्त्र शिकवताना गुरुजी म्हणायचे, जिथे हेतू फार गोड दिसतो तिथे हेत्वाभास शोधा. ते वारले. बरं झालं, आज त्यांनी माझं तोंड पाहिलं नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

ध्वजवंदनाहून परत येतो तर ओसरीवर बाळकृष्णराव बसलेले! राजवाड्यामागच्या गल्लीतले, आपल्यातलेच मराठी. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि आता खाणीच्या कंपनीचे जनसंपर्क अधिकारी. पांढरं धोतर, हातात फणसाच्या गऱ्यांची पिशवी.

म्हटलं, आले! नोटीस आणली.

"अनिरुद्धराव, किती सुरेख लिहिता हो तुम्ही. आमच्या साहेबांना मी स्वतः इंग्रजीत करून दिलं. फाइलीत लावलंय."

"तक्रार म्हणून?"

"छे छे! तक्रार कशास? आभार मानायला आलो." आणि माझ्या खांद्यावर थाप. "तुमच्या आजोबांची लेखणी आली तुमच्यात. वीस तारखेला येणार ना? या या. पुढच्या रांगेत बसा."

चंद्रमतीनं मोर, म्हणजे ताक दिलं, ते प्याले, मिठाबद्दल चार गोड शब्द बोलले आणि गेले.

आभार? कसले? खाणीविरुद्ध चार कॉलम लिहिले, त्याचे आभार?

गरे उत्तम होते.

१६ ऑगस्ट, शनिवार

सांगितलं नंदिताला.

तिच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं — बाटली, पायऱ्या, चेंबू, चिंच, देवघर, सोळा तास. पाठांतरासारखं. मध्ये थांबलो असतो तर विसरलो असतो.

तिनं ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. धातूंची तपासणी. एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ. तांबं, आणि पुढे एक आकडा.

"हा दहा तारखेला आला. कोळशाच्या खाणीत तांबं कुठून येणार, मामा? जून-जुलैत शून्य होतं. आणि मला आठवलं, दुसऱ्या दिवशी आडीपेरुक्कु. मामींचा चेंबू मी लहानपणापासून बघतेय."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सहा दिवस झाले."

"आणि गप्प बसलीस?"

"तुम्हीपण बसलात."

खरंच होतं. दोन दिवसांनी मी मागे होतो, एवढाच फरक.

मग ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो, कारण ते डोक्यातून जात नाही. "पाणी बदललंय हे खरं आहे, मामा. माझ्याकडे जून आहे, जुलै आहे, त्याआधीचं वर्ष आहे. जी जात वर शंभरात एक सापडते ती खाली शंभरात तीस. चौपट पाणी आलं तर पुढच्या दहा गावांपर्यंत तेच होईल. पण हे मी त्या हॉलमध्ये सांगितलं तर कोण ऐकेल? 'बदललंय' हे कुणाला कळत नाही. 'मेलंय' हे कळतं. सुनावणी होऊ द्या. मग दुरुस्ती छापा."

"मग?"

"मग काय ते माझं मी बघेन."

सत्तावीस वर्षांची आहे. तिच्या पाटीवर मी श्री गिरवून घेतला होता. तो तिला आता येत नाही. नंतर शाळा इंग्रजी, घर तमिळ. पण खोटं कसं बोलायचं हे मी शिकवलं नव्हतं. की शिकवलं? "उकळलेली, माझ्यापेक्षा जास्त." कोण म्हणालं होतं?

"बरं," म्हटलं मी. फक्त "बरं." आणि बाहेर आलो.

१७ ऑगस्ट, रविवार

दोघांना माहीत आहे. दोघं गप्प आहेत. इतकं घट्ट नातं आमच्यात यापूर्वी नव्हतं.

१८ ऑगस्ट, सोमवार

दुरुस्तीचा मजकूर लिहिला. सहा ओळी. आयुष्यात इतकं कमी आणि इतकं अवघड लिहिलेलं नाही. पाठवला नाही.

सेतुरामचा फोन. "बस मिळाली, रायर! चौऱ्याऐंशी माणसं. बायका म्हणतात आम्हीपण बोलणार. तुम्ही तयारी करून द्याल का, काय बोलायचं?"

"वासाबद्दल बोला," म्हटलं. "काळ्या चिखलाबद्दल बोला. जे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत तेवढंच बोला."

"आणि जंतूंचं?"

"ते राहू द्या."

"राहू द्या कसं? तोच तर आपला कागद!"

मी फोन ठेवला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

चंद्रमती दुपारी समोर येऊन बसली. पंखा लावला, पदरानं कपाळ पुसलं. म्हणजे प्रकरण गंभीर.

"आठ दिवस बघतेय. तांब्याच्या भांड्यातलं पाणी देते तर तुम्ही स्टीलच्या पेल्यानं पिता. सांगा, माझ्या चेंबूनं काय केलं?"

अठ्ठावीस वर्षं! आणि मला वाटत होतं मीच निरीक्षण करतो.

सांगितलं. सगळं. ती हसेल असं वाटलं होतं, किंवा रडेल. दोन्ही नाही.

"म्हणजे नदी जिवंत आहे?"

"हो. आजारी आहे. पण जिवंत."

"मग आजारी माणसाला मेलं म्हणून सांगितलंत तुम्ही. मेलेल्याला औषध कोण देणार हो?"

उठून गेली. आत भांड्यांचे आवाज, नेहमीपेक्षा मोठे.

मी इतके दिवस गावाचं काय होईल, पोरीचं काय होईल, माझं काय होईल याचीच बेरीज करत होतो. हे डोक्यात आलंच नव्हतं.

पण उद्या अकराला सुनावणी. नंदिताला शब्द दिलाय. "बरं" हा शब्दच की.

२० ऑगस्ट, बुधवार. दुपारी दीड.

कचेरीबाहेर चिंचेखाली बसून लिहितोय. जेवणाची सुट्टी. अडीचला पुन्हा सुरू.

हॉल भरलेला. पुढे उपजिल्हाधिकारी बाई, शांत, चष्मा नाकाच्या टोकावर. डावीकडे कंपनीची माणसं. उजवीकडे पुदुकुळम — बायकांनी केसांत फुलं माळली होती, लग्नाला यावं तशी. नंदिता तिच्या गाइडशेजारी. मी पत्रकारांच्या बाकावर.

आधी सेतुराम बोलला. छान बोलला. पेटी उघडून एकेक पोचपावती दाखवली. शेवटी माझं कात्रण. बाईंनी घेतलं, वाचलं, बाजूला ठेवलं.

मग बाळकृष्णराव उठले. फाइल उघडली. त्यांच्याकडेही माझंच कात्रण! आणि गोड आवाजात: "अध्यक्ष महोदया, या बातमीतल्या निष्कर्षावर कंपनीचा काहीही आक्षेप नाही. उलट आम्ही तो मनापासून स्वीकारतो. विद्यापीठाच्या संशोधकांनी स्वतः तपासलंय, आणि या भागातल्या सगळ्यांत विश्वासू वार्ताहरानं छापलंय — आमचा पाइप मिळतो त्याच्या वर पाण्यात जंतू. त्याच्या खाली, जंतू नाहीत. एकही नाही. नळाचं पाणीसुद्धा इतकं निर्मळ नसतं. आमचं पाणी नदीला शुद्ध करतंय. चौपट सोडलं तर चौपट शुद्ध होईल."

हॉलमध्ये कुजबुज. बाईंनी चष्मा वर सरकवला. माझं कात्रण पुन्हा हातात घेतलं, आणि मान हलवली. हळूच — पण हलवली!

सेतुराम माझ्याकडे वळून बघत होता. राग नव्हता. गोंधळ होता. जंतू नसणं चांगलं की वाईट, रायर? असं विचारल्यासारखा. मागच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, "म्हणजे पाणी पिण्यासारखं आहे का ग?"

आभार! म्हणून आभार. फणस म्हणून.

'मेलंय' लोकांना कळतं, असं नंदिता म्हणाली होती. कळलंच. फक्त तिला वाटलं तसं नाही. जंतू म्हणजे रोग, जंतू नाहीत म्हणजे औषध — यापलीकडे या हॉलमध्ये कुणाला माहीत आहे? मलाच दोन महिन्यांपूर्वी कुठे माहीत होतं!

नंदिताकडे पाहिलं. पांढरी पडली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

अडीचला सुरू झालं की मी उठणार. ठरलं. नाव सांगायचं, चेंबू सांगायचा, सोळा तास सांगायचे, बसायचं. वाक्यं तयार आहेत. तिला विचारणार नाही. विचारलं तर ती थांबवेल, आणि मी थांबेन. माझा मला भरवसा नाही, म्हणून इथे लिहून ठेवतोय — उठणार.

घंटा झाली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मी अर्धाच उठलो होतो. नंदिता आधी बोलली. म्हणाली, तो नमुना तिनंच घेतला, तांब्याच्या भांड्यात, चूक तिची. ती बशी बाजूला ठेवा आणि मागच्या वर्षभराच्या बशा बघा. बाईंनी कात्रण फाइलीतून काढायला लावलं आणि निर्णय पुढे ढकलला. नंदिताचे गाइड तिच्याशी एक शब्द न बोलता निघून गेले. आणि मी — बसलो. चौऱ्याऐंशी माणसांसमोर, खाली बसलो.

सकाळी सहा ओळी पाठवल्या. आत्ता गोपालकृष्णाचा फोन. "दुरुस्तीत नमुना घेणाऱ्याचं नाव टाकावं लागेल, रायर. त्या मुलीचंच ना?"

"नाही. अनिरुद्धराव."

"म्हणजे? तुम्ही? आपला वार्ताहर?"

"होता," म्हटलं.